माणूस झोपला की खोली तापते

मामा, दहाव्याला कावळा शिवत नव्हता.

भांडुपच्या स्मशानात, मे महिन्याच्या उन्हात, आम्ही सगळे तुझ्या पिंडापासून चार हात लांब उभे होतो. मामी, आई आणि मीही होतो, कारण बायकांनी स्मशानात यायला हवं हे तूच कधीतरी छापून वाटलं होतंस. कावळ्याबद्दलही तूच छापलं होतंस. कावळ्याला भूक लागली की तो खातो, पोट भरलेलं असलं की खात नाही, मेलेल्या माणसाच्या इच्छेचा त्याच्याशी काही संबंध नाही. ते पत्रक मी शाळेच्या गणवेशात दारोदार वाटलंय. आणि आता त्याच माणसासाठी चांगली शिकलेली माणसं पत्र्यावर बसलेल्या एका कावळ्याची मनधरणी करत होती.

तुझ्या युनियनमधले साळवीकाका पहिले पुढे झाले. "बाळ्या, वहिनींची काळजी करू नको. आम्ही आहोत." कावळ्यानं मान वळवली. मग तुझा नितीन म्हणाला, "बाबा, आईला मी दहिसरला घेऊन जाईन." कावळा या पत्र्यावरून त्या पत्र्यावर गेला. माझ्या आईनं डोळ्याला पदर लावला. "दादा, प्राजूच्या लग्नाचा घोर लागलाय ना तुला? बघते मी." मी आईकडे असं बघितलं की ती पुढचं बोललीच नाही. तेवढ्यात मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "अरे, बाटल्यांचं बोला की." दोघं-तिघं हसली. नितीन हसला नाही. त्यानं हात जोडले. "बाबा, तुमच्या वाईनच्या बाटल्या आहेत तशाच राहतील. आतल्या खोलीतला एसी बंद होणार नाही. शब्द देतो."

आणि कावळा आला. सरळ खाली उतरला आणि भाताला चोच लावून गेला.

सगळ्यांनी हुश्श केलं. साळवीकाकांनी चष्मा काढून पुसला. मी मामीकडे बघत होते, ती जमिनीकडे बघत होती. शब्द नितीननं दिला होता, आणि नितीन राहतो दहिसरला. पाळायचा होता मामीनं.

म्हणून मी तुझ्यावर चिडले आहे. तू गेलास म्हणून मी चिडायचं थांबवीन असं तुला वाटत असेल, तर ते विसर. चिडायला मला तूच शिकवलंस.

साळवीकाका तुझी स्मरणिका काढतायत. मला म्हणाले, "प्राजू, तू लिहिणारी पोरगी. मामाच्या लढ्यांवर दोन पानं दे. फक्त ते बाटल्यांचं नको, काय?" तुझे लढे त्यांना पाठ आहेत, त्यांनी लिहावेत. मी बाटल्यांचंच लिहिणार आहे. त्यांनी नाही छापलं तर मी झेरॉक्स काढून वाटीन. कुठल्या नाक्यावर उभं राहायचं, कागद समोरच्याच्या हातात कसा द्यायचा की त्याला तो घ्यावाच लागेल, हे सगळं तुझंच शिक्षण.

आई रुग्णालयात पाळ्या करायची, म्हणून शाळा सुटली की मी तुमच्या घरी. इतर मुलं अंकलिपी वाचून शिकली, मी पत्रकं वाचून शिकले. 'बंधू-भगिनींनो' हा मला वाचता आलेला पहिला मोठा शब्द. तुमच्या घरात फळीवर वर्तमानपत्राऐवजी उरलेली पत्रकं अंथरलेली असायची. डबा उचलला की खाली 'निषेध' लिहिलेलं दिसायचं. तुझं सगळ्यात गाजलेलं पत्रक मसाल्याच्या फळीवर होतं. तुमच्या कारखान्यात परदेशातून एक नवं यंत्र आलं, त्याला ऊन सोसत नाही म्हणून त्याच्यासाठी काचेची खोली बांधली आणि एसी लावला. त्या काचेच्या बाहेर तुम्ही भट्टीसमोर घामानं निथळत उभे. तू रात्रभर बसून लिहिलंस. मथळा होता, 'यंत्राला गारवा, माणसाला भट्टी?' त्या एका कागदावर तुम्ही काम थांबवलंत आणि भट्टीपाशी मोठे पंखे बसवून घेतलेत. हळदीचे डाग पडलेला तो कागद मला अजून पाठ आहे. तुझ्या दुर्दैवानं.

वाईन तुमच्या घरात आली ती ज्येष्ठ नागरिक संघाच्या सहलीतून. नाशिकला देवदर्शन आणि परतताना द्राक्षांचा मळा, असा कार्यक्रम. देवळात तू गेलाच नसशील, म्हणून मळ्यात सगळ्यांत ताजातवाना तूच. तिथल्या पोरानं तुम्हाला तळघर दाखवलं, बाटल्या कशा निजवून ठेवतात ते दाखवलं. तू दोन बाटल्या घेऊन आलास आणि दारातूनच ओरडलास, "शालिनी, ही दारू नव्हे हां, शेतीमाल आहे!"

"मग भाजीच्या टोपलीत ठेव," मामी म्हणाली.

ठेवायचं कसं, हा प्रश्न तू आपल्या पद्धतीनं सोडवलास. गावाहून हापूसची पेटी आलेली, आतल्या खोलीत पलंगाखाली मामीनं आढी घातलेली. पेंढा, त्यावर आंबे, वर पुन्हा पेंढा आणि गोणपाट. तू दोन्ही बाटल्या त्या पेंढ्यात आंब्यांच्या शेजारी आडव्या सारल्यास. मी म्हटलं, "मामा, हे काय?" तू मला समजावलंस. तो पोरगा काय म्हणाला? अंधारात ठेवा, आडवी ठेवा, हलवू नका, घाई करू नका. "अगो चेडवा, मग ही आढीच की! आपल्या आज्या-पणज्यांक जा कळला होता ता ह्यांका आता कळता!" तुझा अभिमान ऊतू चालला होता. जगातल्या सगळ्या श्रीमंतांचं गुपित तुला भांडुपच्या पलंगाखाली सापडलं होतं.

फक्त तो पोरगा 'गार' असंही म्हणाला होता, ते तेवढं तू गाळलंस. आढीत हात घातला तर चटका बसावा इतकी ऊब असते, ते तुला माहीत नव्हतं असं नाही. पण कल्पना एवढी सुंदर होती की तिच्या आड येणारी गोष्ट तू ऐकलीच नाहीस. हा तुझा जुना रोग.

एका दुपारी खोलीभर आंबूस वास सुटला. गोणपाट उचललं तर एका बाटलीचं बूच वर सरकलेलं, पेंढा जांभळा, आंबे जांभळे आणि मुंग्यांची जत्रा. मामी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आंबे प्यायले रे तुझे!" आम्ही तिघंही पोट धरून हसलो. त्यातला एक आंबा मी धुऊन खाल्ला. वाईट नव्हता. मामीनं लादी घासली, पेंढा खाली टाकून आली, पुन्हा लादी घासली. तू तोवर दुसरी बाटली छातीशी धरून पलंगावर बसला होतास आणि म्हणत होतास, "आता नीट शिकायला पाहिजे."

तिथेच थांबला असतास तर आज मी तुझ्याविषयी किती गोड लिहिलं असतं.

तू नीट शिकलास. कारखान्याचा हिशेब समजून घेतला होतास तसा वाईनचा समजून घेतलास. फ्रिज चालत नाही, तो थरथरतो आणि बूच वाळवतो. माळा चालत नाही, वर गच्चीची स्लॅब तापते. स्वयंपाकघर तर नाहीच. उजेड नको, हादरा नको, उग्र वास नको, आणि मुख्य म्हणजे ऊन-थंडीचा चढउतार नको. आंब्याच्या पेट्यांच्या फळ्या तासून तू मांडणी केलीस. ती सुरेख होती, हे मी नाकारत नाही. एकेक खाच एकेका बाटलीच्या मानेला बरोबर बसायची. आतल्या खोलीच्या खिडकीला काळा कागद लागला. मामीचा सुकटीचा डबा वासामुळे गॅलरीत गेला, तिथे तो मांजरानं पाडला. आणि मग त्या खोलीत एसी आला.

तुमची दोन खोल्यांची जागा, वरचा मजला, पश्चिमेचं ऊन. एसी आला तेव्हा मामीनं आईला फोन करून सांगितलं होतं. आई म्हणाली, बरं झालं, वहिनींना झोप तरी लागेल. पहिल्या दुपारी मामी उशी घेऊन आत गेली. तू तिला उठवलंस.

मी तिथेच होते, मामा. तू आवाज चढवला नाहीस. अगदी शांतपणे, बैठकीत मुद्दा मांडावा तसा म्हणालास, "शालिनी, माणूस झोपला की खोली तापते. अंगाची ऊब असते, श्वासाची असते. दार उघड-मीट होतं. मग त्या यंत्राचा काही उपयोग नाही."

मामी उशी घेऊन बाहेर आली.

तूही बाहेरच झोपायचास, हे मला आई सांगते, साळवीकाका सांगतात, नितीन सांगतो. बघ, स्वतःलाही सवलत दिली नाही. जणू काही एकाच्या खुळापायी दोघांनी उकडून निघालं म्हणजे न्याय झाला! तुझा पलंग रिकामा, त्याच्याशेजारी बाटल्या गारव्यात निजलेल्या, आणि तुम्ही दोघं बाहेरच्या खोलीत जमिनीवर, वरून गरम वारा फेकणाऱ्या पंख्याखाली. शेजारची पोरं जिन्यात विचारायची, "मामा, बाटल्या झोपल्या का?" आणि तू खुशीत सांगायचास, "गाढ!"

मामीनं तक्रार केली नाही. ती तक्रार करणारी बाईच नव्हे, तिनं एक जागा शोधली. आतल्या खोलीच्या बंद दाराखाली बोटभर फट होती. दुपारचं आवरलं की ती तांदूळ निवडायला त्या दाराशी बसायची, पाय फटीकडे करून. मला एकदा म्हणाली, "हय बस गो. पायांक बरा वाटता." मी बसले. खरंच, तळव्यांना एक बारीकशी गार धार लागत होती. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो, गप्पा मारत, चार पाय एका फटीला लावून.

आठवड्याभरात तुला कळलं की गारवा कुठून गळतो. तू कपाटातून मामीची एक जुनी साडी काढलीस, तिची घट्ट वळकटी केलीस आणि त्या फटीत ठासून बसवलीस.

मी तुला माफ करायला बसले ना, की दर वेळी त्या वळकटीपाशी येऊन अडते. निळी, बारीक ठिपक्यांची साडी होती. माझ्या पहिल्या वक्तृत्व स्पर्धेला ती नेसून मामी पहिल्या रांगेत बसली होती.

गेल्या वर्षी मे महिन्यात दुपारी लाइट गेली तो दिवस तुला आठवत असेल. मी भेटायला आले होते. पंखा थांबला आणि तू उडी मारल्यासारखा उठलास. पंचे ओले केलेस, आत जाऊन बाटल्यांवर पसरलेस. मग फ्रिज उघडलास. मामीनं कोकम सरबतासाठी बर्फ लावला होता, तो सगळा तू बनियनमध्ये बांधून मांडणीखाली ठेवलास. मामी गॅसपासून उठून आली, घामानं ब्लाउज पाठीला चिकटलेला. तिनं हाताला लागला तो कागद फळीवरून ओढला आणि स्वतःला वारा घालू लागली. मी बघितलं तर हळदीचे डाग. 'यंत्राला गारवा, माणसाला भट्टी?'

मी तो मथळा मोठ्यानं वाचला.

तू दारात उभा होतास, हातातून पाणी ठिबकत होतं. म्हणालास, "ती वेगळी गोष्ट आहे. यंत्र मालकाचं होतं."

"आणि बाटल्या?"

"बाटल्या माझ्या आहेत. कष्टाच्या आहेत."

"म्हणजे आता मालक तू."

"उगाच भाषण देऊ नको."

"आणि मामी कुणाची रे, मामा? भट्टीपाशी उभी आहे ती कोण आहे?"

मामी म्हणाली, "माका मधी घेव नकात." तू तोंड उघडलंस. तू काहीतरी बोलणार होतास, मी शपथेवर सांगते. तेवढ्यात लाइट आली. तू आत वळलास, ओले पंचे गोळा केलेस, दार ओढलंस आणि पायानं ती साडीची वळकटी फटीत सरकवलीस.

काय बोलणार होतास? वर्षभर मी वाट बघितली. विषय काढला की तू म्हणायचास, "लाइट आली तेव्हाच ते संपलं." माझ्यासाठी नव्हतं संपलं.

मग मी माझं शस्त्र काढलं. एक पान लिहिलं, तुझ्याच मथळ्यात एक शब्द बदलून: 'बाटलीला गारवा, माणसाला भट्टी?' कुणाला वाटलं नाही, फक्त तुझ्या हातात दिलं. तू चष्मा लावलास, खिशातलं लाल पेन काढलंस आणि जेवायचं सोडून ते तपासत बसलास. कागद परत आला तेव्हा निम्मा लाल होता. 'दुसरा परिच्छेद मिळमिळीत.' 'विशेषणं काढ, राग त्यांच्याशिवायही दिसतो.' आणि जिथे मी 'घरातील एक वृद्ध स्त्री' असं लिहिलं होतं, तिथे जाड रेघ मारून लिहिलं होतंस, 'ही कोण? नाव लिही.'

असा माणूस तू. तुझ्याविरुद्धचं पत्रक तू सुधारून दिलंस. मी लिहिलेलं इतक्या मनापासून आजवर कुणी वाचलेलं नाही, पुढेही वाचणार नाही. आणि तरीही एसी चालूच, दार बंदच. चांगलं लिहिलंय म्हणालास, आणि त्याप्रमाणे काहीच केलं नाहीस. त्यापेक्षा कागद फाडला असतास तर मला सोपं गेलं असतं.

तुझं म्हणणंही इथे मांडते, नाहीतर म्हणशील प्राजू एकतर्फी लिहिते. तू एकदा एक बाटली उघडलीस. तुझ्याकडे बारीक दांड्याचे पेले नव्हते, चहाच्या काचेच्या ग्लासात ओतलीस. वर्षभर ठेवलेली होती. मला म्हणालास, घाई करू नको, तोंडात धर. मी धरली. "काय लागतंय?" मी म्हटलं, आंबट. तू हसलास. "करवंदं गो. सड्यावरची, उन्हात तापलेली." तू डोळे मिटले होतेस. मला करवंद लागलं नाही, पण तुला लागलं हे दिसत होतं. मग तू म्हणालास, "आपल्या बापजाद्यांनी कधी काही ठेवलं नाही. आलं ते त्याच दिवशी संपवलं, कारण उद्याचा भरवसा नव्हता. पगार, मासे, दारू, सगळं आजच. एखादी गोष्ट ठेवता येणं, ती उद्या आजच्यापेक्षा चांगली होईल असं मानून थांबता येणं, हे फक्त मालकांनीच करायचं का?"

मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. तुझी वाक्यं मला अजूनही अडवतात. आता सुचलंय, तर ऐक. ठेवायला कुणाची हरकत नाही, मामा. पण तुझा उद्या गार राहावा म्हणून तू मामीचा आज तापवलास. मालक काय वेगळं करतात?

आणि दुसरं. त्या बाटल्यांतल्या बऱ्याचशा ठेवायच्या नव्हत्याच. दुकानदारानं तुला माझ्यासमोर सांगितलं होतं, "काका, ही ठेवून वाढणारी नाही, एक-दोन वर्षांत पिऊन टाका." बाहेर आल्यावर तू माझ्या कानात म्हणालास, "धंदेवाला आहे. ही संपली की पुढची खपवेल." दुकानदाराच्या तोंडून खरं निघूच शकत नाही, हा तुझा आयुष्यभराचा सिद्धांत. त्या एका सिद्धांतापायी काही बाटल्या आत कधीच्या मेल्या असतील. मेलेल्या वाईनला तू गारवा देत होतास आणि जिवंत बाईच्या पायाखालची फट बुजवत होतास.

मुलुंडच्या रुग्णालयात तुला ठेवलं तेव्हा तिथेही एसी होता. तू पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून पडला होतास. मी म्हटलं, "गारवा कसा आहे?" तुला कळलं मी काय म्हणतेय ते. ओठ हलले. "बोचतो," म्हणालास. मग मामीला म्हणालास, "शालिनी, तू जा घरी. निज जरा." कुठे, ते सांगितलं नाहीस. आत म्हणायचं होतं का बाहेर? त्या एका शब्दासाठी मी तुझ्या तोंडाकडे बघत राहिले. तेवढ्यात परिचारिका आली, आम्हाला बाहेर काढलं, आणि त्यानंतर तू बोललाच नाहीस.

आता तेराव्याचं सांगते. तू हे सगळं केलं नसतंस, पण नितीननं केलं. खीर, वडे, पाहुणे, तुझा हार घातलेला फोटो. नाक्यावर तुझा फलकही लावलाय, आकाशाकडे हात केलेला. तो हात तू मालकाच्या केबिनकडे केला होतास. त्यांनी फोटोतली केबिन कापली.

जेवणं उरकून पाहुणे गेले. दुपार तापलेली. नितीन निघायच्या घाईत होता. म्हणाला, "आई, चल ना दहिसरला."

"हयच बरा माका."

"बरं. मग ऐक. एसी अठरावरच ठेव. दार सारखं उघडू नको. आणि ही वळकटी," त्यानं पायानं दाखवली, "ही काढायची नाही. बाबांना शब्द दिलाय."

मी उभी राहिले. "शब्द तू दिलास ना? मग तू राहा इथे, तू झोप या पंख्याखाली. तिला काय बांधून घालतोस?"

"प्राजू, प्लीज. आज नको यार. कावळा शिवलाय. सगळ्यांनी बघितलंय."

"कावळ्याला भूक लागली होती!"

"मग आधी का नाही आला?"

"अरे तुझ्याच बापानं लिहिलंय..."

आमचं असं चाललं होतं. नितीनच्याही डोळ्यांत पाणी होतं, माझ्याही. बाप गेलेला मुलगा होता तो, आणि मी त्याला बोटांवर मोजून मुद्दे सांगत होते. मामी मोरीत हात धूत होती. तिनं नळ बंद केला, पदराला हात पुसले. भिंतीशी गुंडाळलेल्या अंथरुणातून स्वतःची चादर ओढून काढली. आमच्या दोघांच्या मधून चालत ती दाराशी आली, वाकली, आणि फटीतली वळकटी उपसून काढली. धूळ झटकली. मग दार उघडलं.

आतून गार हवेचा लोट आला. बाटल्या आपापल्या खाचांत निजल्या होत्या. मामीनं पलंगावरच्या गादीवर हात फिरवला, वळकटी उशीसारखी डोक्याखाली ठेवली आणि बाटल्यांकडे पाठ करून आडवी झाली. नितीन दारातच.

"आई," तो अगदी हळू म्हणाला. "एसी चालू राहू दे, पण... बाबा म्हणायचे ना, माणूस झोपला की खोली तापते."

मामीनं डोळे उघडले नाहीत.

"तापांदे," ती म्हणाली. "आणि दार लाव, गारवा भायर जाता."

नितीननं दार लावलं. मग त्यानं बूट घातले. जाताना माझ्या डोक्यावर टपली मारली. आम्ही लहानपणी भांडण मिटलं की मारायचो तशी.

मी दाराशी बसले. फट मोकळी होती. पाय तिकडे केले, तळव्यांना ती धार लागली. आत मामी घोरत होती. इतकी वर्षं तुमच्या घरी येते, मामीचं घोरणं मी पहिल्यांदा ऐकलं. दिवेलागण झाली तरी ती उठली नाही. चहा झाला तेव्हा मी दार ढकलून आत गेले. एसीवरचा आकडा अठराचाच होता. शालिनी, वय झालेली, भांडुपची, तुझी बायको, एक हात गालाखाली घेऊन झोपली होती. मी तुझ्या मांडणीतल्या सगळ्यांत जवळच्या बाटलीला हात लावला.

खोली तापली होती, मामा. एका माणसाइतकी.